फी वेगळी, लाल बावटा वेगळा

अलिबाग तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात कॉम्प्युटरची सीट लागली. बातमी कळल्यावर गावातले शेकापचे, म्हणजे लाल बावट्याच्या शेतकरी कामगार पक्षाचे, एक जुने कार्यकर्ते पेढे घेऊन घरी आले. ‘पहिल्या वर्षाचा खर्च आम्ही बघतो’ म्हणाले आणि उठताना पक्षाच्या अभ्यास शिबिराचं आमंत्रणही देऊन गेले. मुलीला शिबिराला जायचंय. आईला धास्ती आहे, की पोरगी पुढे एमपीएससी करायची म्हणते आणि नावावर लाल बावट्याचा शिक्का बसला तर? वडील विचारतात, पैसे घ्यावेत का, आणि पोरीला पाठवावं का.

दादा, आधी पैशाचं बोलू, कारण त्याला मुदत असते.

तुम्ही ओबीसी आहात आणि घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मग ज्या फीची काळजी करताय, तिचा मोठा भाग तुम्हाला भरायचाच नाही. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट एवढीच, की प्रवेश कॅपमधून झालेला हवा आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. व्यवस्थापन कोट्यातल्या सीटला हे मिळत नाही, पण तुमची सीट कॅपची आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाची प्रत काढून प्रवेशाच्या दिवशी फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा. खाली उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, जात प्रमाणपत्र, जात वैधता, डोमिसाईल, अलॉटमेंट लेटर. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज लगेच भरा आणि मुलीच्या वापरात असलेल्या बँक खात्याला आधार जोडलंय का ते बँकेत जाऊन विचारा. माझ्याकडे आलेल्या एका मुलाचा भत्ता मंजूर होऊनही कित्येक महिने अडकला होता. त्याचं आधार एका बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं होतं आणि घरात कुणाला त्याचा पत्ताच नव्हता. वसतिगृहासाठी अलिबागच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात एक फेरी माराच. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेत बसते का, तेही तिथेच विचारा.

एवढं केल्यावर मेस, लॅपटॉप, येणंजाणं, असा खर्च उरेल. तो पेढे घेऊन आलेल्या काकांकडून घ्यायला माझी हरकत नाही. फक्त रोख पाकीट घेऊ नका. संस्थेच्या खात्यात भरा म्हणावं, आणि पावती मुलीच्या नावावर घ्या. त्याआधी त्यांना समोर बसवून सरळ विचारा, ‘पोरगी शिबिराला आली नाही, तरी ही मदत आहे ना?’ जुना कार्यकर्ता असेल तर हसून ‘हो’ म्हणेल. तो घुटमळला, तर पैसे घेऊ नका.

सरकारची सवलत आधी घेतली म्हणून काकांना वाईट वाटेल, हे मनातून काढा. शिक्षण हा हक्क आहे, उपकार नाही, हे त्यांच्याच पक्षाचं म्हणणं. प्रा. एन. डी. पाटील शेकापचे, रयत शिक्षण संस्थेचेही चेअरमन होते, आणि शिक्षणाच्या बाजारीकरणाविरुद्ध ते आयुष्यभर बोलत राहिले. शेकाप आज लहान झालाय, २०२४ च्या विधानसभेत सांगोल्याची एकच जागा. पण त्याचा विचार लहान नाही. काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी तो उभा केला, १९५० च्या दाभाडी प्रबंधात, म्हणजे पक्षाच्या वैचारिक मसुद्यात, मार्क्सवाद स्वीकारला. आणि तुमच्या तालुक्यात तर मुळं त्याहून जुनी. चरी गावच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांची, म्हणजे जमीनमालकांची, शेतं कसली नाहीत. नारायण नागू पाटलांनी तो संप चालवला, बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. त्या कुळांच्या तालुक्यातली पोर कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायला निघालीय, तिला हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. पटेल तेवढं घेईल, नाही पटलं तर वाद घालेल. एमपीएससीच्या मुलाखतीत स्वतःच्या जिल्ह्याबद्दल विचारलं, तर तिच्याकडे बोलायला काही असेल.

आता वहिनींची धास्ती. ती खोटी नाही, पण जागा चुकतेय. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाचं प्रकरण होतं. संघ आणि जनसंघाच्या कामात भाग घेतल्याच्या पोलीस अहवालावरून त्याला काढलं होतं. न्यायालयाने बजावलं, की पूर्वीच्या राजकीय मतांवरून माणसाला सरकारी नोकरी नाकारता येत नाही. ते संघाला लागू झालं, तसं लाल बावट्यालाही. नोकरीत रुजू झाल्यावर मात्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे कुठल्याच पक्षाचं सभासद राहता येत नाही. तेव्हा सभासदत्व घेतलंच असेल, तर रुजू होण्याआधी लेखी राजीनामा द्यायचा आणि पोच जपून ठेवायची.

जपायचं आहे ते गुन्ह्याच्या नोंदीपासून. रास्ता रोकोत नाव लागलं, गुन्हा दाखल झाला, तर तो साक्षांकन नमुन्यात, म्हणजे नेमणुकीआधी स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, लिहावा लागतो. गुन्हा किरकोळ असला तरी लपवल्याने पोरांच्या नेमणुका अडकतात. म्हणून पोरीला सांगा, अभ्यास शिबिराला खुशाल जा, आंदोलनात उतरायचं असेल तर घरी सांगून, परिणाम समजून उतर.

पण शिबिराची तारीख आणि कॉलेजात रिपोर्टिंगची तारीख एकच आली, तर शिबीर पुढच्या वर्षी. नॉन क्रिमीलेअरची मुदत संपलेली नाही ना, ते आजच बघा. संपली असेल तर उद्या सकाळीच सेतू केंद्र गाठा.