आत रंग नाही म्हणजे नकली नव्हे

प्रश्न : टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला एका गराज सेलमध्ये तीन जुनी कॉमिक्स मिळाली. मुखपृष्ठ रंगीत, पण आत सगळं काळं-पांढरं. कुणी झेरॉक्स काढून गळ्यात मारली का?

उत्तर : रद्दीत टाकू नका! दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली कॅनडाची बहुतेक कॉमिक्स अशीच असायची. संग्राहक त्यांना ‘कॅनेडियन व्हाइट्स’ म्हणतात ते त्यामुळेच. डिसेंबर १९४० मध्ये अमेरिकन डॉलर वाचवण्यासाठी सरकारने बिनगरजेच्या वस्तूंची आयात रोखली, त्यात अमेरिकन कॉमिक्सही अडकली. पोरांची पंचाईत झाली आणि इथल्या प्रकाशकांचं फावलं. व्हँकुव्हरच्या ‘मेपल लीफ’ने मार्च १९४१ मध्ये ‘बेटर कॉमिक्स’ काढलं. टोरांटोत ‘अँग्लो-अमेरिकन’, ‘हिलबरो’ आणि ‘बेल फीचर्स’ उभी राहिली. कागद बघा. ऐंशी वर्षांचा न्यूजप्रिंट कडेकडून तपकिरी होत आत जातो आणि पिनांचा गंज पानावर उतरलेला असतो. पान पांढरंशुभ्र दिसलं, तर मात्र शंका घ्या.

प्रश्न : माझ्याकडे ‘ट्रायम्फ कॉमिक्स’चा ७वा अंक आहे. त्याआधीचे सहा कुठे शोधू?

उत्तर : दुसऱ्या नावाखाली. एड्रियन डिंगल या चित्रकाराने ऑगस्ट १९४१ मध्ये हिलबरोतर्फे ‘ट्रायम्फ-ॲडव्हेंचर कॉमिक्स’ सुरू केलं. सहा अंकांनंतर ते बेलकडे गेलं, नाव आखूड झालं, क्रमांक मात्र तेच पुढे चालू राहिले. त्या पहिल्याच अंकात नेल्व्हाना अवतरली. उत्तर ध्रुवाकडची ही नायिका वंडर वुमनच्याही काही महिने आधीची. तिचं नाव डिंगलला सुचलं ते चित्रकार फ्रान्झ जॉन्स्टन यांच्याकडून. उत्तरेत त्यांना या नावाची एक इन्युइट (तिथल्या मूळ रहिवाशांपैकी) वृद्धा भेटली होती. हे सहा अंक खिशाला परवडणारे नाहीत. वाचायचीच हौस असेल तर २०१४चं पुनर्मुद्रण घ्या. मीही तेच वाचतो.

प्रश्न : कॅप्टन मार्व्हलचा अंक मिळाला, पण चेहरा वेगळाच वाटतो. चोरीची आवृत्ती?

उत्तर : नाही, रीतसर. अमेरिकेच्या ‘फॉसेट’च्या कथा घेऊन अँग्लो-अमेरिकनच्या चित्रकारांनी चित्रं नव्याने काढली. तोच नायक, दुसरा हात! मला तर यातच खरी गंमत वाटते. अमेरिकन अंक शेजारी ठेवून चौकटी ताडून बघा, एक दुपार सहज जाईल.

प्रश्न : पाठीकडून फाटलंय. सेलोटेप लावू? आणि रत्नागिरीच्या घरी नेऊन ठेवलं तर चालेल?

उत्तर : टेप अजिबात नको. तिचा डिंक पिवळा पडतो, कागदात मुरतो, मग काढताना पानच सोलून येतं. मुखपृष्ठाची उडालेली शाई पेनाने भरणं हाही गुन्हाच. ग्रेडिंगला, म्हणजे अंकाची अवस्था तपासून दर्जा ठरवायला, पाठवलं की ‘दुरुस्त केलेलं’ असा शिक्का बसतो आणि भाव पडतो. फाटकं ते फाटकंच राहू द्या. मायलारच्या (पारदर्शक पॉलिस्टरच्या) पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा देऊन ठेवा.

रत्नागिरीचं म्हणाल, तर पावसाळ्यात तिथे पापडही सादळतात, हा तर न्यूजप्रिंट. बुरशी आणि कसर दोन्हींची मेजवानी होईल. ब्रॅम्प्टनलाच राहू द्या, पण बेसमेंटच्या ओलीत नको आणि घर तापवणाऱ्या फर्नेसजवळही नको. बेडरूमचं कपाट उत्तम.

प्रश्न : मुलाला नाद लावायचाय, बजेट थोडं आहे. गुंतवणूक म्हणूनही बघतोय.

उत्तर : गुंतवणुकीसाठी बँक बरी. युद्ध संपलं, अमेरिकेची रंगीत कॉमिक्स परतली आणि हा धंदा बसला. त्याआधीच कितीतरी अंक युद्धासाठीच्या रद्दीत गेले होते. म्हणून चांगली प्रत मिळणं कठीण, आणि मिळालेली विकायला तेवढाच वेडा गिऱ्हाईक लागतो. घेताना चकाकी बघू नका, पानं मोजा. मधलं जोडपान गळालेलं असतं.

मुलाला जॉनी कॅनकची गोष्ट सांगा. अंगात कसलीही जादू नसताना हिटलरशी भिडणारा हा गडी फेब्रुवारी १९४२ मध्ये ‘डाइम कॉमिक्स’मध्ये आला, तेव्हा त्याचा चित्रकार लिओ बाखल वीस वर्षांचाही नव्हता. कॅनडा पोस्टने १९९५ मध्ये जॉनी आणि नेल्व्हाना यांची ४५ सेंटची तिकिटं काढली. ती अजून स्वस्तात मिळतात. सुरुवात तिथून करा.