विवेचक नुसता पाठ करू नकोस
अरे एएक्स वर्ग अधिक बीएक्स अधिक सी = ० या वर्गसमीकरणाचा विवेचक, म्हणजे बी वर्ग वजा ४एसी, पाठ आहे ना, मग आधी हे बघ की ते मुळं काढायच्या सूत्रात वर्गमुळाच्या आत बसलंय, म्हणून तर सगळं त्याच्या चिन्हावर ठरतं, ऋण आलं की वास्तव मुळं नाहीत आणि शून्य आलं की अधिक-वजाने काही फरकच पडत नाही, दोन्ही मुळं सारखी. चिन्हं मात्र नीट सांभाळ. एक्स वर्ग वजा ३एक्स वजा ४ = ० घे, बीचा वर्ग ९, सी उणे ४ म्हणून पुढे अधिक १६, एकूण २५. इथे बरीच पोरं ९ वजा १६ करून मोकळी होतात! आणि २५ पूर्ण वर्ग आहे, म्हणजे अवयव सरळ पडणार, मुळं ४ आणि उणे १. समान मुळांसाठी समीकरणातला अज्ञात सहगुणक के काढताना के वर्ग ३६ आला तर उणे ६ पण लिही हां.