महेश्वरच्या किल्ल्यातलं हॉटेल

प्रश्न : महेश्वरला घाटाच्या वर किल्ल्यात जे हॉटेल आहे, तिथे आधी काय होतं? – एक वाचक, इंदूर

उत्तर : अहो, तो अहिल्याबाईंचा वाडाच आहे! १७६७ मध्ये बाईंनी कारभार हाती घेतला, राजधानी महेश्वरला नेली, १७९५ ला त्या गेल्या आणि पुढे १८१८ मध्ये होळकर आणि इंग्रज यांच्यातल्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी आपल्या इंदूरला आली, तसं नर्मदाकाठचं ते गाव मागेच पडलं. २००० साली याच होळकर घराण्यातल्या रिचर्ड होळकरांनी वाड्याच्या एका भागात हॉटेल सुरू केलं. मला तर हे फार बरं वाटतं, वाडा वापरात तरी राहिला, नाहीतर आपल्याकडचे किती वाडे नुसते पडून गेले. रूम महाग आहेत, पण बाईंची गादी आणि देवघर बघायला हॉटेलात उतरावं लागत नाही, नक्की जाऊन या.