आजीची मांडी आणि गाडीतली मागची सीट

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. मुलगी चार वर्षांची, मुलगा १४ महिन्यांचा. डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी नागपूरला, महाल भागात सासरी येतोय. तिथून अमरावतीला धाकट्या दिराचं लग्न आणि जमलं तर शेगावचं दर्शन. इथे कार सीटशिवाय मुलांना गाडीत बसवायचा विचारही मनात येत नाही. पण सासूबाई म्हणतात, "इकडे कोणी वापरत नाही, एवढं ओझं कशाला आणता?" नवऱ्यालाही वाटतं, तीन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. सीट आणावी का? की बाळाला अंगाशी बांधायचं कॅरिअर आणलं तर भागेल?

उत्तर : आणा. दोन्ही मुलांची सीट आणा आणि कॅरिअरही आणा. पण सीट आणि कॅरिअर यांची कामं वेगळी आहेत. कॅरिअर पायी चालताना, सीट गाडीत. गाडीत कॅरिअर बांधून बसलेल्या आईच्या पोटाशी बाळ असेल, तर धडक बसताच आईच्या अंगाचा सगळा भार बाळावर येतो. त्यामुळे कॅरिअरनं गाडीतलं भागणार नाही.

मी नागपूरच्या धरमपेठेत वाढले. लेक दीड वर्षाची असताना तिला घेऊन पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा सीट सोबत होती. विमानतळावर घ्यायला आलेल्या भाड्याच्या गाडीत मागच्या बेल्टचं बकलच सापडेना. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, पोर पेंगुळलेली. ड्रायव्हरदादा म्हणाले, "राहू द्या जी, पंधरा मिनिटांचा तर रस्ता आहे." सीट डिकीत गेली आणि लेक माझ्या आईच्या मांडीवर. वर्धा रोडवर पुढच्या ऑटोनं एकाएकी ब्रेक मारला, आमच्या गाडीनंही मारला. धडक झाली नाही. वेग फार तर तीस-पस्तीस असेल. तरी लेक आईच्या हातांतून सुटून पुढच्या सीटच्या पाठीवर तोंडावर आपटली. ओठ फुटला, बाकी काही नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस आई स्वतःच्या हातांकडे बघून म्हणायची, "घट्ट धरली होती गं मी."

तिनं घट्टच धरली होती. हातांचा दोष नव्हता. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी धडकून क्षणार्धात थांबते, तेव्हा १० किलोचं बाळ त्या क्षणापुरतं पाव टनाहून जड होतं. एवढं वजन कुणाच्याही हातांत राहत नाही, पहिलवानाच्याही नाही. त्या वेगानं आपटणं म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडणं. सासूबाईंना हे असंच सांगा, कारण "तुमच्या हातांवर आमचा विश्वास नाही" असं त्यांना वाटलं तर बोलणं तिथेच संपतं. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेचे आकडेही सोबत ठेवा : नीट बसवलेल्या कार सीटमुळे गाडीच्या अपघातात वर्षाच्या आतल्या बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो.

घरी कायद्याचा आधार लागला तर तोही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालसुरक्षा सीटशिवाय गाडीतून नेलं तर १,००० रुपये दंड आहे. रस्त्यावर कोणी अडवत नाही हे खरं. पण नवऱ्याला "हे परदेशी खूळ आहे" असं वाटत असेल, तर हा आपल्याच देशाचा कायदा आहे एवढं सांगता येईल.

आता खरं काम. ते विमानात बसायच्या आधीचं आहे.

दिराला व्हिडिओ कॉल करा आणि ज्या गाडीतून तुम्ही फिरणार आहात तिच्या मागच्या सीटवर त्यांना बसायला सांगा. आपल्याकडे नवी गाडी घरी आली की आठवडाभरात तिच्यावर सीट कव्हर चढतं, आणि बेल्टची बकलं त्या कव्हरखाली दबून जातात. माझ्या त्या रात्री नेमकं हेच झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच दादांनी कव्हरची कड उचलली, सीट आणि पाठीच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला आणि धुळीनं माखलेलं बकल वर काढलं. "आहे जी, खाली दबलं होतं." बकल होतंच, पाच मिनिटं खर्चायला कोणी तयार नव्हतं, मीसुद्धा. तेव्हा दिरांना म्हणावं, दोन्ही कडांची बकलं बाहेर काढून ठेवा, बेल्ट पूर्ण ओढून दाखवा, आणि सीट-पाठीच्या फटीत आयसोफिक्सच्या, म्हणजे कार सीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवायच्या, लोखंडी कड्या आहेत का ते बोटांनी चाचपून बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत त्या असतात, फक्त कव्हरनं झाकलेल्या असतात. बेल्टची लांबी मापून घेणंही गरजेचं आहे, कारण उलट्या तोंडाच्या, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवणाऱ्या, सीटला बेल्ट लांब लागतो आणि काही गाड्यांत तो पुरत नाही.

तुमचा मुलगा १४ महिन्यांचा आहे. युरोपच्या कार सीटसाठीच्या आर१२९ नियमाप्रमाणे १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच हवं. प्रवासात तो १५ महिने ओलांडेल म्हणून लगेच सीट फिरवू नका. त्याची मान अजून नाजूक आहे, डोकं अंगाच्या मानानं जड आहे. उलट्या सीटमध्ये धडकेचा धक्का मानेवर न जाता पूर्ण पाठीवर पसरतो. सीटच्या उंची-वजनाच्या मर्यादेत बसतोय तोवर तसाच बसू द्या. आणि उलटी सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही. घरचे हौसेनं म्हणतील, "पुढं बसव, बाहेरचं दिसेल त्याला." त्यांना समजावून सांगा की एअरबॅग उघडते ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यावर आदळते.

घरी गोल फिरणारी भारी सीट वापरत असाल तर ती आणू नका. तिचा पाया सहसा आयसोफिक्सशिवाय बसत नाही आणि ती उचलून उचलून तुमची कंबर जाईल. फक्त बेल्टवर बसणारी हलकी सीट आणा, आणि म्युनिकलाच दोन-तीनदा बेल्टनं लावून सराव करा. मुलीसाठी पाठ असलेला, घडी होणारा बूस्टर चांगला, म्हणजे मुलाला उंच बसवून गाडीचाच बेल्ट अंगावर नीट बसवणारी सीट. तिची उंची १०० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर बहुतेक बूस्टर तिला चालतील, तरी सीटवरचं लेबल वाचूनच ठरवा. बूस्टरला कमरेचा आणि खांद्याचा असा तीन टोकांचा बेल्ट लागतो. मागच्या मधल्या जागी जुन्या गाड्यांत फक्त कमरपट्टा असतो, तिथे तिला बसवू नका.

अमेरिकेहून येणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती वारंवार विचारली जाते. तिकडच्या गाडीत बेल्ट पूर्ण ओढला की तो आपोआप अडकून राहतो आणि सीट घट्ट बसते. आपल्याकडच्या गाड्यांच्या बेल्टमध्ये ती सोय सहसा नसते, बेल्ट फक्त झटका बसल्यावर अडतो. त्यामुळे तिकडची सीट इथे लावली की ती डुगडुगते. सीटमध्येच बेल्ट दाबून धरणारी सोय असेल तर काम सोपं आहे. नसेल तर बेल्ट अडकवून धरणारी लॉकिंग क्लिप सोबत आणा आणि ती कुठे बसते हे सीटच्या पुस्तिकेत बघून ठेवा.

विमानाचं म्हणाल तर बहुतेक कंपन्या मुलाची कार सीट वेगळे पैसे न घेता सामानात घेतात, पण तिकीट काढतानाच लेखी विचारून ठेवा. मुंबई किंवा दिल्लीत उतरलात की सामान ताब्यात घेऊन पुढच्या विमानाला पुन्हा द्यावं लागतं, म्हणजे सीट एकदा जास्त आपटली जाते. जाड पिशवीत घाला, मोकळ्या जागांत मुलांचे कपडे कोंबा. नागपूरला सामानाच्या पट्ट्यावरून उचलल्यावर कुठे तडा गेलाय का, हार्नेसचं, म्हणजे बाळाला सीटमध्ये बांधणाऱ्या पट्ट्यांचं, बकल नीट टक् वाजून बसतंय का, हे तिथेच बघा. कॅरिअर मात्र हातात ठेवा. दोन विमानांमधल्या तासांत ते सोन्यासारखं आहे. सुरक्षा तपासणीत बाळाला त्यातून काढावं लागतं, आणि उड्डाण-उतरणीच्या वेळी कर्मचारी त्यात बसू देत नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

गाडीपाशी आलात की घाई करू नका. सगळे थांबलेले असतील, मामा-काका सामान चढवत असतील, कोणीतरी "चला चला" म्हणत असेल. तरी पाच मिनिटं घ्या. सीट लावून झाली की बेल्ट जिथून जातो तिथे हात धरून हलवा, इंचभरापेक्षा जास्त सरकता कामा नये. हार्नेसची पट्टी खांद्यावर चिमटीत पकडता आली तर ती सैल आहे. डिसेंबरात नागपूरची पहाट कधीकधी दहा अंशांच्या खाली जाते आणि आजी बाळाला दोन स्वेटर घालून, वरून दुलईत गुंडाळून आणते. त्या फुगलेल्या कपड्यांवर पट्टी घट्ट वाटते, पण धडकेत लोकर दबते आणि बाळ निसटतं. एका पातळ स्वेटरवर पट्ट्या आवळा आणि दुलई वरून पांघरा. दुलई आजींच्या हातूनच पांघरवा, तेवढंच त्यांनाही बरं वाटेल.

उन्हाळ्यात येणाऱ्यांनी याच्या उलट काळजी घ्यायची. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या घरात असतो. उन्हात उभ्या गाडीत सीटचं बकल चटका देतं, म्हणून सीटवर पांढरा टॉवेल टाकून ठेवा आणि बसवण्याआधी हात लावून बघा. बंद गाडीत दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी तापमान चढतं. "दोन मिनिटांत संत्री घेऊन येतो" म्हणूनही मूल गाडीत ठेवायचं नाही.

कॅरिअरचा खरा उपयोग तुम्हाला महालात कळेल. तिथल्या गल्ल्या, इतवारीचा बाजार, सीताबर्डीची गर्दी, यांत बाबागाडीचं चाक चार पावलं सरळ जात नाही. रामटेकच्या पायऱ्यांवर तर प्रश्नच नाही. आपल्या आज्यांनी लुगड्याच्या झोळीत मुलं वाढवली, त्यामुळे कॅरिअर घरच्यांना लवकर पटतं. बांधताना बाळ इतकं वर असावं की मान वाकवली तर त्याच्या टाळूचा पापा घेता येईल. हनुवटी छातीला टेकलेली नको, तोंडावर ओढणी नको, गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर हवेत. शहरात फिरायला कॅरिअर आणि मेट्रो ही जोडी चांगली. सीताबर्डीला दोन्ही मार्ग मिळतात, तिथून पुष्कळ ठिकाणी जाता येतं. विमानतळाचं स्टेशन टर्मिनलला लागून नाही, त्यामुळे सामानासह पहिल्या दिवशी तो बेत करू नका. ऑटोत कॅरिअरमुळे बाळ हातांतून सुटत नाही, पण अपघातात त्याचा उपयोग नाही. नाइलाज असेल तेव्हा, गल्लीबोळांतल्या जवळच्या अंतरापुरताच ऑटो घ्या.

आणि स्कूटर. कोणीतरी काका तुमच्या लेकीला पुढे उभं करून "चल, फुटाळा तलावावर चक्कर मारून आणतो" म्हणणारच. प्रेमानंच म्हणतील. तुम्ही हसत पण ठाम नाही म्हणा. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि मोठ्याशी जोडलेला सुरक्षापट्टा हवा, वेग ४० च्या आत हवा, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. तुमची लेक नुकतीच चार ओलांडून गेली असेल तरी पुढे उभं राहून जाण्यात काहीच फरक पडत नाही. काकांना म्हणा, फुटाळ्याला सगळेच गाडीनं जाऊ, वाटेत तर्री-पोहे खाऊ.

राहिलं लग्न. वऱ्हाडाच्या बसमधून अमरावतीला जायचं ठरत असेल तर आत्ताच दिरांशी बोलून तुम्हा चौघांसाठी आणि सासू-सासऱ्यांसाठी मोठी वेगळी गाडी सांगा, मागे तीन टोकांचे बेल्ट असलेली. रस्ता दीडशे किलोमीटरचा आहे, शेगाव त्याच्या साधारण दुप्पट. दर दोन तासांनी थांबून मुलांना सीटमधून बाहेर काढा, अंग मोकळं करू द्या. मूल रडेल. विशेषतः पहिल्या दिवशी, आणि सगळे तुमच्याकडे बघतील. अशा वेळी चालत्या गाडीत पट्टा सोडू नका, गाडी बाजूला घ्यायला सांगा, उतरून घ्या, शांत करा आणि पुन्हा बसवा.

सासूबाईंना पुढे बसवू नका. मागे, नातवाच्या सीटला लागून बसवा. उलट्या सीटमधल्या बाळाला पुढचं काही दिसत नाही, शेजारी बसलेलं माणूस तेवढं पूर्ण दिसतं. माझी आई त्या प्रवासानंतर प्रत्येक वेळी अशीच बसली. एक बोट लेकीच्या मुठीत, दुसऱ्या हातात सोललेल्या संत्र्याच्या फोडी.