एईडी कुलूपबंद ठेवावं का?

तुमच्या क्लबात एईडी, म्हणजे हृदय अचानक बंद पडल्यावर विजेचा झटका (शॉक) देणारं यंत्र, बसवायचंय. पण प्रशिक्षण नसलेल्या कुणी ते वापरलं आणि माणूस दगावला तर खटला आपल्यावर येईल, म्हणून ते कुलूपबंद ठेवू का, असं तुम्ही विचारलंय.

कुलूप लावू नका. हृदय बंद पडल्यावर सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणं) आणि शॉकविना गेलेल्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. किल्ली शोधण्यात तीन मिनिटं सहज जातात.

वापरणाऱ्याची भीती कायद्यांनी बऱ्याच देशांत दूर केली आहे. पूर्वी शॉक देणं हे डॉक्टरी काम मानलं जाई. जपानने २००४ मध्ये आणि फ्रान्सने २००७ मध्ये सामान्य नागरिकालाही एईडी वापरायची मुभा दिली. अमेरिकेच्या २००० सालच्या केंद्रीय कायद्याने मदतीला धावणाऱ्याला नुकसानभरपाईच्या दाव्यापासून संरक्षण दिलं. मुद्दाम केलेलं कृत्य किंवा घोर निष्काळजीपणा मात्र त्यात बसत नाही. शिवाय यंत्र आधी हृदयाची लय तपासतं आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही.

आता तुमची, म्हणजे यंत्राच्या मालकाची बाजू. खरी मेख इथे आहे. त्याच अमेरिकी कायद्यात यंत्र घेणाऱ्यालाही संरक्षण आहे, पण त्याच्या हलगर्जीपणामुळे इजा झाली तर ते जातं: यंत्र कुठे आहे हे स्थानिक आपत्कालीन सेवेला वेळेत कळवलं नाही, देखभाल आणि चाचणी नीट केली नाही, किंवा ज्या कर्मचाऱ्याने ते वापरणं अपेक्षित होतं त्याला शिकवलं नाही. (शेवटच्या अटीला काही अपवाद आहेत.) म्हणजे तुम्ही घाबरताय वापराला, आणि कायदा बोट ठेवतो दुर्लक्षावर.

हे पोटतिडकीने लिहितोय, कारण एका ठिकाणी तपासणीला गेलो तेव्हा भिंतीवर चकचकीत पेटी होती आणि आतल्या, छातीला चिकटवायच्या पॅडची मुदत कधीच उलटून गेली होती. पॅडवरचं जेल सुकलं की ते धड चिकटत नाहीत. तिथे रोज शेकडो लोक येत होते.

तेव्हा एका माणसाचं नाव ठरवा. त्याने दर महिन्याला तयारीचा दिवा, बॅटरी आणि पॅडची तारीख पाहून वहीत सही करायची. पेटीला उघडताच वाजणारी घंटा लावा, चोरीची धास्ती तेवढ्याने बरीच कमी होते. आणि वकिलाला एवढंच विचारा: आपल्याकडे नोंदणी सक्तीची आहे का, आणि मालकाचं संरक्षण कोणत्या अटींवर मिळतं?