नववीच्या वर्गात इतिहास घेताना

सनावळ्या फळ्यावर लिहून सुरुवात करू नका. गोव्यातल्या नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या दारावरचा शिलालेख घ्या. त्याच्या फोटोच्या झेरॉक्स दोघांत एक अशा वाटा आणि पहिली दहा मिनिटं गप्प बसा (हेच सगळ्यात कठीण). लेख संस्कृत असला तरी लिपी देवनागरी. अडखळत का होईना, पोरं 'शके १५९०'पर्यंत पोचतात. त्यात ७८ मिळवले की १६६८. तिथी कार्तिकातली आहे म्हणून ७८. डिसेंबर उलटल्यावरची असती तर ७९, हेही तिथेच सांगून टाका.

मग खरा प्रश्न टाका: लेखात काय नाही? शिवरायांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाला एवढंच तो सांगतो. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पोर्तुगीज काळात पाडलं गेलं, हे त्यात येत नाही. त्यासाठी दुसरं साधन शोधावं लागतं, आणि ते शोधायला लावणं हेच आपलं काम.

१६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल (महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं) मात्र घरी पाठवा. 'फूल' (विलीनीकरणाची निशाणी) की 'दोन पानं' (केंद्रशासित राहण्याची), आजोबांना विचारून या म्हणावं. एकाच वाड्यावरून दोन उलट हकिकती येतील. निवाडा करू नका; कोण, कधी, कशाच्या आधारावर सांगतंय ते वहीत लिहून घ्या. हेडमास्तरांच्या कानावर आधी घाला, पालक विचारायला येतातच.

पोर्शनची काळजी डिसेंबरात करा.