महिला आरक्षण असूनही कारभार नवराच बघत असेल तर त्या आरक्षणाचा उपयोग काय? बंदच का करू नये?

बंद करू नये. आता सविस्तर, कारण मी स्वतः महिला राखीव जागेवरून सरपंच झालेली बाई आहे आणि हा प्रश्न मला गेली पाच वर्षं लग्नाच्या पंगतीत, दहाव्याला, एसटीत, सगळीकडे ऐकवून झालाय. लुडबुड नवऱ्यानं करायची आणि त्याची शिक्षा म्हणून पद बायकोचं काढायचं, हा कुठला न्याय हो?

आरक्षण नसलं की काय होतं हे बघायला लांब जायला नको. 2024 ला विधानसभेत 288 पैकी 21 बायका निवडून आल्या, लोकसभेत 543 पैकी 74. राज्य झालं 1960 ला, अजून एकही महिला मुख्यमंत्री झालेली नाही. तिथं तर कुणी कुणाची जागा अडवली नव्हती ना? 2023 ला 33 टक्क्यांचा कायदा केला तोसुद्धा जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून. आमच्याकडे पंचायतीत मात्र 1993 पासून एक तृतीयांश आणि 2011 पासून निम्म्या जागा, म्हणून निदान आम्ही खुर्चीपर्यंत तरी पोचतो.

आता माझं सांगते. जानेवारी 2021 ची निवडणूक. त्या वेळी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर निघाली होती, आठवत असेल. आमचं महिला राखीव निघालं आणि सगळ्यांचे चेहरे पडले, कारण गुडघ्याला बाशिंग बांधून दुसरेच बसले होते. पॅनेलप्रमुख म्हणजे आमचे थोरले चुलत दीर, गाव त्यांना आप्पा म्हणतं. कुणाला सरपंच करायचं हे ठरलं त्यांच्या मळ्यात, रात्री, जेवणावळीत. निवडून आलेल्या आम्ही तिघीजणी, तिथं एकही नव्हतो. मला कळलं दुसऱ्या दिवशी, आमच्या ह्यांनी जेवताना सांगितलं, 'तुझं नाव फायनल झालंय.' अभिनंदनाच्या फ्लेक्सवर माझ्यापेक्षा ह्यांचा फोटो मोठा आणि आप्पांचा त्याहून मोठा.

मुद्दा हा आहे की बाईला खुर्चीवर बसू देतात, पण निर्णय खुर्चीवर होतच नाही. तो मळ्यात, ढाब्यावर, गाडीत होतो, जिथं बाई जाऊच शकत नाही, गेली तर चार लोक नावं ठेवतात. मासिक सभेत नुसतं प्रोसिडिंग लिहायचं. ते रजिस्टरसुद्धा शिपाई घरी आणायचा, मी चुलीपुढं, पीठ लागलेल्या हातानं सही करायची म्हणे. मी म्हटलं ठेव तिथं, वाचून झालं की देते. महिला ग्रामसभेचंही तेच. ती नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते, पण आमच्याकडे ती अंगणवाडीत सह्या गोळा करून 'पार पडायची'.

खरा तमाशा झाला डोंगलवरून, म्हणजे डिजिटल सही ज्यात असते त्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूवरून. 15 व्या वित्त आयोगाचे पैसे काढायला ग्रामसेवकाची आणि सरपंचाची डिजिटल सही लागायची. ती काढताना पंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरनं मोबाईल नंबर विचारला आणि मी तोंड उघडायच्या आत ह्यांचा नंबर सांगून झाला. म्हणजे ओटीपी ह्यांच्या फोनवर, डोंगल कपाटात ऑपरेटरकडं, आणि सरपंच मी. एक दिवस ठेकेदार पेढे घेऊन दारात. कशाचे? तर देवळापुढच्या पेव्हर ब्लॉकच्या बिलाचा पहिला हप्ता निघाला. माझ्याच सहीनं, आणि मला पेढ्यातून कळतंय.

मी नंबर बदलून घेतला आणि डोंगल घरी आणलं. दुसऱ्या बिलाला म्हटलं एमबी, म्हणजे कामाच्या मोजमापाचं पुस्तक, दाखवा, त्याशिवाय सही नाही. एमबीत लांबी 120 मीटर. मी टेप घेतला, एक टोक अंगणवाडीच्या ताईंनी धरलं आणि देवळापुढं भर दुपारी आम्ही दोघींनी मोजलं, पारावरची माणसं बघतायत. 94 भरलं. पुन्हा मोजलं, तेवढंच. मग बिल दुरुस्त झालं, पण तोवर गावभर झालं की बाईमुळं कामं अडली. आप्पा घरी आले. मी समोर उभी, पण बोलले ह्यांच्याशीच, 'तुझ्या मालकिणीला समजाव, पंचायत अशी चालत नसते.' मी म्हटलं, आप्पा, 26 मीटर कुठं गेलं ते सांगा, मग समजावून घेते. चहा न घेता उठले.

आणि रिमोट कंट्रोल काय फक्त बायकांचाच असतो? आप्पा स्वतः सरपंच होते तेव्हा आमदारांच्या पीएला विचारल्याशिवाय गटारीचा ठराव होत नव्हता. त्यांना कुणी रबर स्टॅम्प म्हटलं नाही, 'वर ओळख आहे' म्हणाले.

बाई स्वतः चालवायला लागली की काय होतं तेही बघा. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना सासूच्या सरकारी जागेवरच्या घराचं निमित्त करून अपात्र ठरवलं. त्या वेगळ्या राहतात सांगत होत्या, पण पद परत मिळवायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, 2024 मध्ये. कोर्टानंच म्हटलं की गावाला बाई सरपंच झालेली पचली नव्हती. केंद्राच्या समितीनं फेब्रुवारी 2025 ला सरपंचपतींना कडक दंड करा अशी शिफारस केलीय. अंमलबजावणी कोण करणार, ज्यांची बैठक ढाब्यावर होते तेच.

तर उपाय विचाराल तर बाईचा स्वतःचा नंबर, डोंगल तिच्या हातात, आणि एमबी बघितल्याशिवाय सही नाही. कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा हे जास्त कामाचं.

हां, एक सांगायला हवं. मला हे जमलं कारण माझं बारावी झालंय, माहेर तालुक्यातच आहे आणि आमचे हे कुरकुरले तरी आडवे आले नाहीत. ज्या बाईला मजुरी बुडवून सभेला जावं लागतं, त्यात राखीव जातीची जागा असेल, तिला हेच सांगणं सोपं नाही. आणि काही नवरे खरंच मदत करतात, सगळ्यांना शिव्या घालत नाहीये.

पुढच्या खेपेला आमचं पद सर्वसाधारण निघालंय. आप्पा म्हणतात, 'आता गडीमाणूस बसवू.' सर्वसाधारण म्हणजे पुरुषांसाठी राखीव असं कुठल्या कायद्यात लिहिलंय ते त्यांनी दाखवावं. अर्जाला शौचालय वापराचा दाखला लागतो, तो माझ्याकडं आहे.